वाचकांचे प्रश्न : महास्फोट, हेलियम आणि ‘त्याआधी’

विश्वाच्या उत्पत्तीवर आलेल्या पत्रांतून या वेळी सात प्रश्न निवडले आहेत. ‘महास्फोट’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, हे पत्रे वाचताना सारखे जाणवले. पहिला अर्थ असा, की आजचे विश्व एकेकाळी अतिशय दाट आणि तप्त होते, आणि पसरत, निवत ते आजच्या स्थितीला आले. याला भक्कम पुरावे आहेत. दुसरा अर्थ म्हणजे सगळ्याचा अगदी पहिला क्षण. त्याचा पुरावा आज कोणाकडेही नाही. खालची उत्तरे वाचताना हे दोन अर्थ वेगळे ठेवावेत. बऱ्याच शंकांचे मूळ ते एकत्र होण्यातच आहे.

प्रश्न : महास्फोट आकाशात नेमका कुठे झाला? त्या दिशेला दुर्बीण वळवली तर ती जागा दिसेल का? (नववीतील विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : अशी एक जागा नाही. तुम्ही बसला आहात तिथेही तो झाला आणि सर्वांत दूरच्या दीर्घिकेच्या ठिकाणीही झाला, कारण तेव्हा या सगळ्या जागा एकमेकींच्या अगदी जवळ होत्या. घोटाळा शब्दामुळे होतो. फटाका आधीपासून असलेल्या मोकळ्या जागेत फुटतो, इथे मात्र जागाच ताणली जाते. ‘बिग बँग’ हे नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवरील भाषणात वापरले. ते स्वतः ही कल्पना मानत नव्हते, पण नाव मात्र चिकटले.

हे हाताने करून पाहता येते. शिवणकामाची एक इंच रुंद आणि अर्धा मीटर लांब इलॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्यावर पाच-पाच सेंटिमीटरवर शर्टाची सात बटणे प्रत्येकी एकाच टाक्याने शिवा. एक टोक टेबलाला चापाने धरून ठेवा आणि दुसरे इतके ओढा, की शेजारच्या दोन बटणांतले अंतर साडेसात सेंटिमीटर होईल. आता कोणतेही एक बटण ‘आपले घर’ माना. त्याच्या शेजारचे बटण अडीच सेंटिमीटर लांब गेले, त्यापलीकडचे पाच आणि त्याच्याही पलीकडचे साडेसात. दुप्पट अंतरावरचे बटण तेवढ्याच वेळात दुप्पट सरकते. घर बदलून पुन्हा मोजा, आकडे तेच येतील. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून पळताना दिसतात, म्हणून आपण केंद्रस्थानी आहोत असा अर्थ का होत नाही, ते इथे कळते.

या प्रयोगात दोन चुका नेहमी होतात. बटणांऐवजी शाईचे ठिपके काढले तर पट्टीबरोबर ठिपकेही ताणले जातात आणि दीर्घिकाही फुगतात असा समज होतो. प्रत्यक्षात दीर्घिका, सूर्यमाला किंवा आपले शरीर फुगत नाही. गुरुत्वाकर्षणाने आणि विद्युत बलांनी ती घट्ट बांधलेली असतात. दुसरी चूक म्हणजे पट्टीच्या मध्याला विश्वाचे केंद्र समजणे. तो मध्य केवळ पट्टीला दोन टोके आहेत म्हणून सापडतो. टोके जोडून तिचे कडे करा आणि चारही बाजूंनी ताणा. अंतरे पट्टीवरूनच मोजायची असतील तर मध्य म्हणावे असे एकही बटण उरत नाही.

प्रश्न : विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे असे पाठ करून घेतले जाते. हा आकडा वहीत गणित करून काढता येईल का? (विज्ञान शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : येतो, आणि अकरावीच्या वर्गात एका तासात होतो. चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी वेगाची. हायड्रोजनची एक ठळक लाल रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटरवर येते. समजा, एखाद्या दीर्घिकेच्या वर्णपटात तीच रेषा ६७२.७ वर दिसली. फरक १६.४ आला. त्याला ६५६.३ ने भागले की ०.०२५. हीच ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरून गुणाकार केला की दूर जाण्याचा वेग सेकंदाला ७,५०० किलोमीटर मिळतो. हा सोपा गुणाकार ताम्रसृती लहान असेपर्यंतच चालतो. ती ०.१ च्या वर गेली तर तो वापरू नये.

दुसरी पायरी अंतराची, आणि खरी मेहनत तिच्यात आहे. जवळच्या ताऱ्यांची अंतरे पराशयाने मोजतात, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून. सेफीड प्रकारचे रूपविकारी तारे जितक्या सावकाश लुकलुकतात तितके मुळात जास्त तेजस्वी असतात, हे हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवले. त्यामुळे लुकलुकण्याचा काळ मोजला की खरे तेज कळते. दिसणारे तेज चौपट कमी असेल तर अंतर दुप्पट, या हिशेबाने अंतर निघते. सेफीड दिसेनासे होतात त्याच्या पुढे ‘प्रकार १ए’चे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळणारे तारे, वापरतात. आपल्या दीर्घिकेचे अंतर असे १०७ मेगापार्सेक आले असे समजा. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षे, तेव्हा हे अंतर सुमारे ३५ कोटी प्रकाशवर्षे झाले.

तिसरी पायरी : ७,५०० भागिले १०७, म्हणजे सुमारे ७०. हा हबल स्थिरांक. दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ७० किलोमीटर, असा त्याचा अर्थ.

चौथी पायरी : एक मेगापार्सेक म्हणजे ३.०९ गुणिले १० चा १९वा घात इतके किलोमीटर. त्याला ७० ने भागले की ४.४१ गुणिले १० चा १७वा घात इतके सेकंद मिळतात. वर्षात ३.१६ कोटी सेकंद असतात. भागाकार केला की सुमारे १,४०० कोटी वर्षे.

१,४०० आणि १,३८० इतके जवळ का, हे विद्यार्थी हमखास विचारतात. प्रसरणाचा वेग कायम सारखाच होता असे आपण गृहीत धरले. खरे तर सुरुवातीला गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत होते आणि गेली सुमारे पाचशे-सहाशे कोटी वर्षे ते वाढत्या वेगाने होत आहे. या दोन परिणामांची वजाबाकी आजच्या घडीला जवळजवळ शून्य येते. हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही.

गणित चुकते ते बहुधा दीर्घिका जवळची निवडल्यामुळे. देवयानी दीर्घिका दूर जात नाही, उलट आपल्याकडे येत आहे. सूर्याच्या भ्रमणाचा भाग वजा केला तरी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. शेजारच्या वस्तुमानांच्या ओढीमुळे दीर्घिकांना सेकंदाला काही शे किलोमीटरचा स्वतःचा वेग असतो. ५ मेगापार्सेकवर प्रसरणाचा वेग फक्त ३५० असतो, म्हणजे चूक मापाएवढीच झाली. १०० मेगापार्सेकवर तोच वेग ७,००० होतो आणि चूक किरकोळ ठरते.

अंतरातली चूक त्याहून घातक. एडविन हबल यांचे १९२९ मधले उत्तर ७० नव्हते, सुमारे ५०० होते. चौथी पायरी ५०० घेऊन करून पाहा. वय सुमारे २०० कोटी वर्षे येते, आणि पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघू लागले होते. दोष वर्णपटात नव्हता. सेफीड तारे दोन जातींचे असतात आणि दोघांचे तेज एकाच मोजपट्टीवर मोजले जात होते. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये ते निस्तरले, आणि अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. आजही वाद आहेच. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या वाटेने स्थिरांक ७३ च्या आसपास येतो, तर प्लांक उपग्रहाने मोजलेल्या पार्श्वप्रारणावरून, म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वातून उरलेल्या प्रकाशावरून (त्याची हकीगत पुढच्या उत्तरात आहे), ६७.४. दोन्हींच्या त्रुटिमर्यादा एकमेकींना शिवत नाहीत. १,३८० हा आकडा या दुसऱ्या वाटेने आलेला आहे, हे वर्गात जरूर सांगावे.

प्रश्न : जुन्या टीव्हीवर वाहिनी नसली की मुंग्या दिसत. त्यात महास्फोटाचा प्रकाश होता म्हणतात. आणि डॉ. जयंत नारळीकर तर महास्फोटच मानत नव्हते. मग खरे काय? (निवृत्त तंत्रज्ञ, नाशिक)

उत्तर : मुंग्यांची गोष्ट खरी, पण वाटा लहान. बहुतेक मुंग्या टीव्हीच्या स्वतःच्या मंडलातल्या आणि आकाशगंगेकडून येणाऱ्या गोंगाटाच्या असत. शंभरातली एखादी पार्श्वप्रारणाची असे मानले जाते.

हे प्रारण सापडले त्याची रीत तुमच्यासारख्या तंत्रज्ञाला आवडेल. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे आर्नो पेन्झिअस आणि रॉबर्ट विल्सन ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनाची चाचणी घेत होते. तुलनेसाठी त्यांनी द्रवरूप हेलियमने थंड केलेला संदर्भस्रोत ठेवला होता. वातावरणाचा, अँटेनाच्या धातूचा आणि जमिनीचा वाटा वजा केल्यावरही सुमारे ३.५ केल्विनइतका गोंगाट शिल्लक राहत होता. अँटेना न्यूयॉर्ककडे वळवून पाहिला, सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद केले, आत घरटे केलेली कबुतरे हलवून विष्ठा साफ केली. फरक जवळजवळ पडला नाही. दिशा बदलली, ऋतू बदलला, तरी आकडा तोच. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिक यांचा गट नेमके हेच प्रारण शोधायची तयारी करत होता. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकत्र छापून आले. आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९४८ मध्ये, राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी ‘सुमारे ५ केल्विन’ असे भाकीत छापूनही ठेवले होते.

हे प्रारण आले कुठून? विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होईपर्यंत त्यात सुटे इलेक्ट्रॉन भरलेले होते आणि प्रकाश दाट धुक्यात अडकावा तसा त्यांत अडखळत होता. तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरले तसे इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले आणि प्रकाश सुटा झाला. तेव्हापासून विश्व सुमारे १,०९० पट ताणले गेले आहे. ३,००० भागिले १,०९० करा, पावणेतीन केल्विन येतात. मोजलेले तापमान २.७२५ आहे. आजही प्रत्येक घनसेंटिमीटर जागेत त्या काळचे सुमारे ४११ प्रकाशकण असतात, तुमच्या मुठीतसुद्धा.

आता डॉ. नारळीकरांविषयी, कारण त्यांचे म्हणणे अनेकदा अर्धवट सांगितले जाते. कोल्हापूरला जन्मलेले नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी होते. हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावते, पण विरळ होत नाही, कारण नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यासाठी एका घनमीटरमध्ये सुमारे शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू पुरतो, त्यामुळे प्रयोगशाळेत हे पकडणे अशक्य. पण या सिद्धांतानुसार दूरचे, म्हणजे जुने, विश्व आजच्यासारखेच दिसायला हवे. रेडिओ स्रोतांची गणती आणि क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे, यांनी ते खोटे ठरवले, आणि सर्व दिशांनी येणाऱ्या पार्श्वप्रारणाला त्यात सहज जागा नव्हती.

१९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप मांडले. त्यात विश्वाला आरंभ नाही, ते दीर्घकाळ पसरत असताना अधूनमधून आकुंचनही पावते. पार्श्वप्रारणाचा उलगडा असा : विश्वातले हेलियम ताऱ्यांत तयार झाले असे धरले तर त्यातून सुटलेली ऊर्जा सगळीकडे समान वाटल्यावर तापमान पावणेतीन केल्विनच्या आसपासच येते. वाटप करणार कोण, तर अतिनवताऱ्यांतून बाहेर पडलेल्या लोखंडाच्या मिलिमीटरभर लांबीच्या सूक्ष्म सुया. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नव्हता. तो मागे पडला याची कारणे मोजमापांत आहेत. १९९० मध्ये कोबे उपग्रहाने दाखवलेला या प्रारणाचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूच्या (जिचे प्रारण फक्त तापमानावर ठरते अशा वस्तूच्या) वक्राशी इतका तंतोतंत जुळला, की ताऱ्यांच्या प्रकाशाची सरमिसळ तितकी निर्दोष होणे फार कठीण. नंतर, तापमानातल्या लाखात एक भागाच्या चढउतारांत आकाशातल्या सुमारे एक अंशाच्या मापाचे डाग सर्वांत ठळक निघाले. तप्त द्रवात ध्वनिलहरी दाटल्याची ती खूण, आणि तप्त आरंभाच्या गणितात ती आधीच होती.

नारळीकरांनी लावून धरलेला आग्रह मात्र आजही हवा आहे : सगळे मानतात म्हणून एखादी गोष्ट सिद्ध धरू नका, पर्यायी गणित पुरते करून पाहा.

प्रश्न : विश्व प्रसरण पावते तर कशात? बाहेर काय आहे? (वाचक, फोंडा)

उत्तर : ‘प्रसरण’ म्हणजे कोणत्याही दोन दूरच्या दीर्घिकांमधले अंतर वाढणे, एवढेच. ते मोजायला बाहेर उभे राहावे लागत नाही आणि समीकरणांतही ‘बाहेर’ला पद नाही. आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाची त्रिज्या आज सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे आहे. १,३८० कोटी वर्षांत प्रकाश इतका दूर कसा गेला, असे वाटेल. तो चालत होता तेव्हा मागची वाट ताणली जात होती. त्या भागापलीकडेही विश्व असणार, कदाचित अनंत, पण ते पुढचे विश्वच आहे, विश्वाचे ‘बाहेर’ नव्हे.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे आम्ही अभिमानाने सांगतो. हेलियम महास्फोटात तयार झाला असेही वाचले. म्हणजे जत्रेतल्या फुग्यात महास्फोटाचा वायू असतो का? (वाचक, देवगड)

उत्तर : दोन्ही ठिकाणी थोडी दुरुस्ती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून केले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेवरची पिवळी रेषा पाहिली आणि ती सोडियमची नाही हे ओळखले. तीच हेलियमची रेषा. विजयदुर्गावर लॉकियर खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळाही केला होता. किल्ल्याचे नाते ग्रहणाच्या मोठ्या मोहिमेशी आहे. ते पुरेसे मोलाचे आहे, त्याला शोधाची जोड द्यायची गरज नाही.

फुग्यातला हेलियम पृथ्वीच्या पोटात तयार होतो. युरेनियम आणि थोरियम यांतून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच. तो नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकतो आणि तिथून काढला जातो.

विश्वातला बहुतेक हेलियम मात्र पहिल्या काही मिनिटांतला आहे, आणि त्याचे प्रमाण बोटांवर मोजता येते. विश्व एका सेकंदाचे असताना दर सहा प्रोटॉनमागे साधारण एक न्यूट्रॉन उरला होता. दोन्ही लगेच जोडले का गेले नाहीत? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून आधी ड्यूटेरियम व्हावे लागते आणि त्याची गाठ फार सैल असते. एका द्रव्यकणामागे सुमारे १६० कोटी प्रकाशकण होते. त्यांतले मोजकेच जास्त ऊर्जेचे असले तरी ती गाठ तोडायला तेवढे पुरत. तापमान १०० कोटी केल्विनच्या खाली जाईपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, थांबावे लागले. सुटा न्यूट्रॉन टिकाऊ नसतो, सुमारे दहा मिनिटांत निम्मे न्यूट्रॉन मोडून त्यांचे प्रोटॉन होतात. त्यामुळे तोवर प्रमाण साताला एक झाले. आता चौदा प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन घ्या. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून एक हेलियम झाला, बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरले. सोळापैकी चार भाग हेलियम, म्हणजे वजनाने २५ टक्के. ज्या लहान दीर्घिकांत ताऱ्यांनी द्रव्यात फार ढवळाढवळ केलेली नाही, तिथे हेलियम २४ ते २५ टक्केच सापडतो. ताऱ्यांनी आजवर यात थोड्याच टक्क्यांची भर घातली आहे.

पुढचे कार्बन, ऑक्सिजन तेव्हा का झाले नाहीत? वस्तुमानांक ५ आणि ८ यांचे एकही स्थिर केंद्रक निसर्गात नाही, त्यामुळे जिन्याच्या दोन पायऱ्याच गायब आहेत. तीन हेलियम एकत्र येऊन ही फट ओलांडता येते, पण त्याला ताऱ्याच्या गाभ्यातली दाटी आणि भरपूर वेळ लागतो. प्रसरणाच्या घाईत दोन्ही नव्हते. एक हिशेब मात्र अजून जुळलेला नाही : गणिताने जितके लिथियम हवे त्याच्या सुमारे एक तृतीयांशच जुन्या ताऱ्यांत दिसते.

प्रश्न : महास्फोटाआधी काय होते? शास्त्रज्ञ ‘शून्यातून विश्व’ म्हणतात. शून्यातून काहीच होत नाही असे आपले दर्शनकार सांगतात. दोघांपैकी कोण बरोबर? (तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ‘शून्य’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरवले पाहिजे, आणि त्यासाठी न्यायदर्शनाची हत्यारे इंग्रजी पुस्तकांतल्या वादापेक्षा जास्त धारदार आहेत. नैयायिक अभाव चार प्रकारचा मानतात. मडके घडण्यापूर्वी मडके नसणे हा प्रागभाव. फुटल्यावर नसणे हा प्रध्वंसाभाव. मडके म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. वायूला रूप नसते तसे कधीच नसणे हा अत्यंताभाव.

भौतिकीतील ‘निर्वात’ यांपैकी कशातच बसत नाही. त्यात क्षेत्रे असतात, ऊर्जा असते, नियम असतात. अशा निर्वातातून कण उपजले तर तो अभावातून भाव झाला असे म्हणता येत नाही. तिळात तेल असावे तसे कार्य कारणात आधीच सुप्त होते, असे सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणेल, आणि या प्रसंगी त्यांचे म्हणणे जास्त जवळचे आहे. अलेक्झांडर विलेन्किन यांनी १९८२ मध्ये, तर जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९८३ मध्ये याच्याही पुढे जाऊन अवकाशाशिवायच्या आरंभाचे गणित मांडले. पण तिथेही पुंजभौतिकीचे (क्वांटम फिजिक्सचे) नियम गृहीत आहेत. नियम तरी का आहेत, हा प्रश्न त्या समीकरणांच्या आवाक्यात येत नाही. ‘शून्यातून विश्व’ असा मथळा म्हणूनच दिशाभूल करतो.

दुसरी बाजूही पाहू. ‘विश्वाआधी विश्वाचा प्रागभाव होता’ असे म्हणायला ‘आधी’ लागतो, म्हणजे काळ लागतो. मडक्याच्या बाबतीत अडचण नाही, मडके नसताना कुंभार होता, माती होती आणि काळही होता. काळच विश्वाबरोबर सुरू झाला असेल तर प्रागभाव हा शब्द तिथे लागूच होत नाही. काळ जगाबरोबरच निर्माण झाला, असे ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुमारास वेगळ्या वाटेने म्हटले होते. याचा अर्थ ‘आधी काय होते’ हा प्रश्न निरर्थक ठरला असा मात्र नाही. काळ खरोखर तिथे सुरू होतो का, हेच अजून ठरलेले नाही.

ते का ठरलेले नाही? कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण मांडले. त्याच्या आधारे रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये कोसळत्या ताऱ्याविषयी प्रमेय सिद्ध केले, आणि १९७० मध्ये हॉकिंग-पेनरोज यांनी विश्वाविषयी दाखवले, की काही अटी पाळल्या गेल्या तर सामान्य सापेक्षतेत भूतकाळाकडे जाणाऱ्या वाटा एका हद्दीला तुटतात. यालाच एकविधता (सिंग्युलॅरिटी) म्हणतात. ‘अनंत घनतेचा बिंदू होता’ असे त्याचे वर्णन केले जाते, ते बरोबर नाही. वाट तुटते, म्हणजे तिथे तो सिद्धांतच लागू पडेनासा होतो. शिवाय अतिशय दाट अवस्थेत त्या अटी पाळल्या जातातच असे नाही.

विश्वासाच्या पायऱ्या अशा. एका सेकंदापासून पुढचे चित्र हेलियमच्या हिशेबाने तपासलेले आहे. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंतच्या ऊर्जा आपण कणत्वरकात निर्माण करतो, त्यामुळे तिथले नियम ओळखीचे आहेत. त्याच्या मागे ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलेली अतिवेगवान फुगवट्याची कल्पना आहे. तिची काही भाकिते जुळली आहेत, यंत्रणा मात्र ठाऊक नाही. आणि सेकंदाच्या दशांश चिन्हानंतर बेचाळीस शून्ये लिहावीत इतक्या छोट्या काळाच्या आत गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत लागेल. तो आज आपल्याकडे नाही. चर्चेत कोणी ‘त्याआधी’बद्दल ठामपणे बोलू लागला, मग तो आस्तिक असो वा नास्तिक, तर यांतल्या कोणत्या पायरीवरून बोलतो ते विचारा.

प्रश्न : नासदीय सूक्तात महास्फोट आहे आणि आपला कल्प ४३२ कोटी वर्षांचा, म्हणजे पृथ्वीच्या वयाएवढा आहे. हे ज्ञान पूर्वजांना कसे झाले? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९वे सूक्त पुन्हा उघडून सातही ऋचा वाचा. पहिलीच ऋचा म्हणते, तेव्हा असत् नव्हते आणि सत्‌ही नव्हते. तिसऱ्या ऋचेत ‘तपस्’ शब्द येतो, त्याला ‘उष्णता’ म्हणून महास्फोटाशी जोडतात. पण त्याच ऋचेत अंधाराने वेढलेला अंधार आहे आणि खूण नसलेले पाणी आहे. आरंभीचे विश्व अंधारे नव्हते, सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी प्रखर होते. अंधार नंतर आला, पार्श्वप्रारण सुटल्यावर पहिले तारे पेटेपर्यंत. जुळणारा शब्द उचलायचा आणि न जुळणारे सोडायचे, हा त्या कवीवर अन्याय आहे. त्याने भाकीत केलेलेच नाही. देवसुद्धा या सृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली हे कोण जाणतो, असे तो सहाव्या ऋचेत विचारतो. शेवटच्या ऋचेत परम व्योमातला अध्यक्षही ते जाणत असेल किंवा नसेल, असे म्हणून थांबतो. उत्तर देणाऱ्याची ज्ञानाची पात्रताच तपासणारा हा प्रश्न फार मोठा आहे. आल्फर-हर्मन यांच्या ‘५ केल्विन’ची जात वेगळी : तो आकडा खोटा ठरू शकला असता.

कल्पाचा आकडा गुणाकारातून आलेला आहे. कलियुग ४,३२,००० वर्षे. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. बेरीज दहापट, म्हणजे महायुग ४३,२०,००० वर्षांचे. अशी हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षे. एवढा विशाल काळ कल्पून त्यात गणित बसवण्याचे धाडस दाद देण्यासारखे आहे. मात्र ब्रह्मदेवाची रात्रही तेवढीच असते, त्याचे आयुष्य शंभर वर्षांचे असते, आणि त्या मोठ्या आकड्यांचे विश्वाच्या १,३८० कोटींशी काही जुळत नाही. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी वर्षे ठरवले, आणि त्यातली चूक किती असू शकते हेही आकड्यात दिले : सात कोटी वर्षे, इकडे किंवा तिकडे.